ब्रिस्टलमधली भित्तिचित्रं एका दुपारी पायी बघून होतात का?

हो, दोन-तीन तासांत होतात, कारण महत्त्वाची चित्रं साधारण एकाच वाटेवर आहेत. स्टोक्स क्रॉफ्टपासून बंदराकडे उतरत या. सुरुवातीलाच बँक्सी या निनावी भित्तिचित्रकाराचं १९९९ मधलं टेडी बेअर पोलिसांवर पेट्रोल बॉम्ब फेकताना दिसेल. पुढे फ्रॉगमोर स्ट्रीटवर खिडकीला एका हाताने लोंबकळणारा नागडा प्रियकर (२००६). तो खालून नको, पार्क स्ट्रीटच्या पुलावरून बघा; २००९ मध्ये कुणीतरी उडवलेला निळा रंगही नीट दिसतो. शेवटी गोदीजवळची मुलगी: कानातल्याच्या जागी भिंतीवरची चोरघंटेची पेटी! बाकी भिंतींचा मात्र भरवसा नाही, जुन्या चित्रावरच नवं चढतं. शहराचा बेडमिन्स्टर हा भाग वेगळ्या दिवशी करा.