नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण कुठल्या शाखेत जावं तेच ठरत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी.चं सातवं सेमिस्टर चालू आहे, मैत्रिणींपैकी कुणाचं आयसीयू ठरलंय, कुणाचं ओटी (ऑपरेशन थिएटर), आणि तुमचं मात्र दर पोस्टिंगनंतर, म्हणजे एकेका विभागात शिकाऊ काम केल्यावर, मत बदलतंय.

आधी कागदोपत्री बाजू बघू, म्हणजे निम्मी धास्ती उतरेल. आपल्याकडे पदवी घेताना शाखा निवडायचीच नसते. एम.एस्सी.ला पाच शाखा आहेत: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. त्यासाठी बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी (कर्करोग), निओनेटल (नवजात बाळं), ऑपरेशन रूम असे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा असतात, त्यालाही वर्षभर वॉर्डात काढलेलं असावं लागतं. म्हणजे खरा निर्णय अजून दीड-दोन वर्षं लांब आहे. पहिल्या नोकरीत तर कुठल्या वॉर्डला जायचं हे बहुतेक वेळा मेट्रनच (रुग्णालयातल्या परिचारिकांच्या प्रमुख) ठरवतात. मैत्रिणींचं जे ‘ठरलंय’ ती आत्ता फक्त इच्छा आहे.

मत बदलतं याचं कारण साधं आहे. पोस्टिंगमध्ये वॉर्ड दिसतो, काम दिसत नाही. विद्यार्थ्याच्या वाट्याला टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, बेड करणं आणि केस स्टडीची फाइल येते. वर इन्चार्ज सिस्टर प्रेमळ असल्या तर शाखा आवडते, रागावल्या तर नकोशी होते. म्हणून आजाराकडे किंवा शाखेच्या मानाकडे बघण्याऐवजी दोन गोष्टी बघा: आठ तास हात नेमके काय करतात, आणि तिथे चूक कशी होते.

आयसीयूचं आकर्षण मॉनिटर आणि व्हेंटिलेटरचं असतं. प्रत्यक्षात ते काम तासातासाच्या चार्टचं आणि आकडेमोडीचं आहे. नॉरअ‍ॅड्रेनालिन (बीपी टिकवणारं औषध) ४ मिलिग्रॅम ५० मिलीमध्ये भरलं तर एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम येतं. ६० किलोच्या रुग्णाला दर किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं, तर पंप ताशी ४.५ मिलीवर लागतो. हे रात्री तीन वाजता, अलार्म वाजत असताना करावं लागतं. शिवाय सिरिंज संपत आली की दुसरी आधीच भरून ठेवावी लागते, कारण बदलताना मिनिटभर खंड पडला तरी बीपी कोसळू शकतो. उरलेला वेळ दोन-दोन तासांनी कुशी बदलणं, तोंडाची स्वच्छता, सक्शन (नळीने स्राव ओढून काढणं), श्वासनळीतल्या ट्यूबच्या कफचा, म्हणजे तिच्याभोवतीच्या हवेच्या फुग्याचा, दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका आहे ना हे तपासणं, यात जातो. यंत्रांच्या ओढीने आलेल्या अनेक जणी या स्वच्छतेच्या कामालाच कंटाळतात. पण बेडसोअर आणि न्यूमोनिया टळतो तो त्याच कामामुळे. ते मनापासून करावंसं वाटत असेल तरच आयसीयू तुमचं.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, आकडे आणखी बारीक होतात. बाळाला जेंटामायसिन (अँटिबायोटिक) ६ मिलिग्रॅम लिहिलंय आणि हातात मोठ्यांची ८० मिलिग्रॅम / २ मिलीची व्हायल आहे. सरळ काढलं तर ०.१५ मिली होतं. दशांशचिन्ह एक घर सरकलं की १.५ मिली, म्हणजे दहापट. त्याने मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होते. म्हणून १ मिली औषधात ३ मिली सलाईन घालून १० मिलिग्रॅमला १ मिली असं करून घेतात, मग ०.६ मिली मोजणं सोपं जातं, आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय देत नाहीत. एकच गोष्ट दोनदा तपासायला सांगितल्यावर तुमची चिडचिड होत असेल, तर इथे येऊ नका.

ओटी म्हणजे मोजणी. मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे), सुया, उपकरणं सुरुवातीला मोजायची, पोकळी बंद करण्याआधी मोजायची, त्वचा शिवताना पुन्हा मोजायची. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही घाईत असले तरी ‘काउंट जुळत नाही’ हे मोठ्याने सांगण्याचा खमकेपणा लागतो. चूक सहसा मोजण्यात होत नाही, मध्येच टेबलावर आलेला जादा मॉप फळ्यावर लिहायचा राहून जातो. रुग्णाशी बोलणं जेमतेम काही मिनिटांचं. आणि एक तोटा कुणी सांगत नाही: पहिलीच दोन वर्षं ओटीत गेली तर वॉर्डचा हात बसत नाही, नंतर एकदम दहा रुग्ण सांभाळणं जड जातं.

लेबर रूममध्ये तासन्‌तास शांतता आणि मग दहा मिनिटांची धावपळ. बाळाचे ठोके (११० ते १६०) नेमाने ऐकणं, कळा हात ठेवून मोजणं, बाळ बाहेर येताच आईला ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) १० युनिट स्नायूत. घात होतो तो त्यानंतर. सगळे बाळाभोवती जमतात आणि आईचं गर्भाशय सैल पडलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी पोटावर हात ठेवून रक्तस्राव बघणारी सिस्टर तिथे खरी कामाची.

मानसिक आरोग्याला आपल्याकडे उगाच खालचं समजतात, ते मला पटत नाही. तिथे निरीक्षण हेच उपकरण आहे. गोळी गिळली की गालात ठेवली हे बघायचं, ब्लेड-दोऱ्या मोजायच्या, रुग्णाला बांधावं लागलंच तर कारण आणि वेळ लिहायची, आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे २४ तासांत त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीने नेमलेल्या माणसाला) कळवलं जातंय ना ते पाहायचं. ऐकून घेण्याचा दम असेल तर ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत शिकण्यासारखं भरपूर आहे. सामुदायिक शाखेत नोंदवह्या आणि पायपीट जास्त, पण उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून निर्णय स्वतः घ्यायला मिळतो.

आता करायचं काय? आठव्या सेमिस्टरला २२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे: प्रौढ रुग्णसेवेचे सहा आठवडे, बाकी चार विषयांचे चार-चार. एक छोटी वही करा. प्रत्येक पोस्टिंगचे पहिले तीन दिवस काही लिहू नका, तेव्हा सगळंच परकं वाटतं. चौथ्या दिवसापासून ड्युटी संपल्यावर चार ओळी: सर्वांत जास्त वेळ कशात गेला, भीती कशाची वाटली, न सांगता आपणहून काय केलं, आणि पाठ, पाय, झोप कशी आहे. आपणहून काय केलं ही ओळ सर्वांत बोलकी, कारण ती आवडीनिवडीबद्दल खोटं बोलत नाही. प्रत्येक ठिकाणी किमान दोन नाइट मागून घ्या. दिवसा आवडलेला विभाग रात्री नकोसा होतो, आणि कधी उलटही. भीती वाटली म्हणून विभाग खोडू नका. माहिती नसल्याची भीती सरावाने जाते. कंटाळा मात्र तसा जात नाही, त्यामुळे खोडायचंच तर कंटाळ्यावरून खोडा.

पहिल्या नोकरीसाठी माझा सल्ला मोठ्या रुग्णालयातला जनरल मेडिकल किंवा सर्जिकल वॉर्ड, वर्षभर. मुलाखतीत विचारा: एका सिस्टरकडे दिवसा किती रुग्ण आणि रात्री किती, ओरिएंटेशन किती दिवसांचं, विभाग बदलून मिळतो का, बाँड (नोकरी सोडता येणार नाही असा करार) किती. नवख्या मुलीला पहिल्याच आठवड्यात एकटीने व्हेंटिलेटरचे रुग्ण देतात असं कळलं तर तो विश्वास नसून माणसांची टंचाई आहे. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका.

आणि कुणी तीन महिन्यांचा ‘आयसीयू कोर्स’ विकत असेल तर फी भरण्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तो अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवता येतो का, एवढं विचारून या.