डी अँड डी मध्ये मुस्लिम विद्वान-जादूगार खेळायचा आहे. तो साचेबद्ध 'गूढ बाबा' होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या पात्रं वठवत, फासे टाकत खेळायच्या खेळात पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी मध्ययुगीन जगातला एक मुस्लिम विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळायचा आहे, पण तो पांढऱ्या दाढीचा, कोड्यात बोलणारा म्हातारा होऊन बसेल अशी धास्ती वाटते. धास्ती रास्त आहे. मी मिरजेत डीएम म्हणून, म्हणजे गोष्ट रचणारा सूत्रधार म्हणून, खेळ चालवतो आणि आमच्या टेबलावर असं एक पात्र, एक हकीम, बराच काळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे ठरवा की तो सध्या कशाच्या मागे लागलाय. मग शहाणपण आपोआप दिसतं. मध्ययुगातला मुस्लिम विद्वान अल-बिरुनी बघा. संस्कृत शिकून त्याने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. इथल्या ज्योतिषांपुढे आपण सुरुवातीला शिष्यासारखे उभे राहायचो, असं तो स्वतःच सांगतो. पुढे त्यांच्याशी वादही घातला, पण त्यांचं म्हणणं आधी नीट समजून घेतलं. टेबलावर ही वृत्ती फार कामाला येते. बाकीचे तलवारी उपसत असताना आमचा हकीम गावच्या गुरवाला विचारतो, "काका, संक्रांतीला या शिखराची सावली कुठवर जाते?" गुरव बोलायला लागतो, डीएमला धागा मिळतो आणि तळघराचं दार सापडतं.

दुसरं म्हणजे त्याच्या हातात काठीऐवजी ॲस्ट्रोलेब, म्हणजे तारे पाहून वेळ काढायचं यंत्र, द्या. पितळेची तबकडी, वरच्या कडीला अंगठ्याने लोंबकळत धरायची. मागच्या फिरत्या पट्टीतून तारा नेमायचा, कडेवरच्या खुणांवर त्याची उंची वाचायची, मग पुढची ताऱ्यांची जाळी तेवढ्या उंचीवर फिरवून आणायची. रात्रीची वेळ समजते. जाळीखालची चकती मात्र ठरावीक अक्षांशासाठी कोरलेली असते. दिल्लीची चकती मिरजेत चालत नाही. म्हणजे तुमचा विद्वान दूर देशी गेला की त्याला तिथला कारागीर शोधावाच लागेल, आणि तो अख्ख्या सेशनचा मसाला आहे. आमच्याकडे तो कारागीर मी शिकलगार केला, कारण मिरजेत तंतुवाद्यं घडवणारी घराणी मुळात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचीच. शिवाय हे यंत्र एका धर्मापुरतं राहिलं नव्हतं: फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये त्यावर 'यंत्रराज' हा संस्कृत ग्रंथ लिहिला.

२०१४ च्या नियमांत विझार्डची डिव्हिनेशन (भविष्यकथन) शाखा घेतलीत तर दुसऱ्या लेव्हलला पोर्टेंट (शकुन) ही शक्ती मिळते. लाँग रेस्टनंतर, म्हणजे पात्राच्या मोठ्या विश्रांतीनंतर, दोन डी-ट्वेंटी (वीस बाजूंचे फासे) टाकून ठेवायचे आणि दिवसभरात कुणाच्याही रोलच्या जागी वापरायचे. ते फासे टाकताना रात्री कोणता तारा पाहिला ते एका वाक्यात सांगा. आमच्या टेबलावर त्या वाक्यासाठी सगळे गप्प बसतात.

श्रद्धेचा प्रश्न टाळू नका, पात्राचा जीव तिथेच आहे. इस्लाममध्ये जादूटोणा निषिद्ध मानला जातो. इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ च्या 'मुकद्दिमा'मध्ये जादू खरी असते असं मानूनही तिचा निषेधच केला. दुसरीकडे कुराणात सुलेमानाच्या ताब्यात जिन्न आणि वारा दिलेले आहेत. तुमचा माणूस या दोन टोकांमध्ये कुठे उभा आहे? आमचा हकीम ग्रहगणित आणि औषधी बिनदिक्कत वापरतो, पण जिन्नाला बांधून ठेवायला साफ नकार देतो. एकदा त्यापायी अख्खी पार्टी (सगळ्या पात्रांचा गट) अडकली होती आणि तरी तो हटला नाही. असा नकार दहा सुविचारांपेक्षा जास्त बोलतो.

आपल्या भागाचा आधार हवा असेल तर विजापूर जवळच आहे. तिथल्या आदिलशाही दरबारात १५७० मध्ये 'नुजूम-उल-उलूम' हे सचित्र हस्तलिखित तयार झालं. आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ग्रह-राशी, तावीज, शस्त्रं आणि शक्तिरूपी स्त्रीदेवता, सगळं एकाच ग्रंथात. काटेकोर मध्ययुग म्हणता येणार नाही, पण विझार्डचं स्पेलबुक (मंत्रांची वही) कसं दिसावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

भाषा सिनेमातल्या नवाबाची नको. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठी ओव्यांत लिहिला, तेव्हा तुमच्या विद्वानाने सरळ मराठीत बोलायला काहीच हरकत नाही. आमचा हकीम आपल्या माणसांत दखनी बोलतो, बाजारात मराठी.

शेवटी तुम्ही विचारलंय, अशा माणसाने फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा फेकायचा स्पेल (मंत्र), घ्यावा का. जरूर घ्या. तेराव्या शतकात सीरियाच्या हसन अल-रम्माहने बंदुकीच्या दारूत लागणारा शोरा शुद्ध कसा करायचा ते लिहून ठेवलंय, आणि फायरबॉलचं नियमांतलं साहित्य म्हणजे वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. त्या विष्ठेतून शोरा मिळतो. त्यामुळे हा स्पेल तुमच्या पात्राने स्वतः खलबत्त्यात कुटून तयार केलाय असं दाखवा, आणि गुहेत वटवाघळं दिसली की थैली भरून घ्यायला विसरू नका.