वडिलांना शुगर होती, मग मलाही होणारच?

"मॅडम, आमच्या घराण्यातच शुगर आहे. आज ना उद्या मला लागणारच, मग आतापासून जिवाला जाच कशाला?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही ठाऊक असतं: रक्त कित्येक वर्षांत तपासलेलं नाही.

असेच एक ४१ वर्षांचे गृहस्थ. दिवसभर खुर्चीत बसून हिशेबाचं काम. मधुमेहामुळे वडिलांच्या पायाचं बोट कापावं लागलं होतं आणि रोजचं ड्रेसिंग हेच करायचे. पहिल्या दोन भेटींत आहार-व्यायामाचा विषय मी काढलाच नाही. माणूस घाबरलेला असताना सल्ला आत उतरत नाही, या मतावर मी ठाम आहे.

तिसऱ्या भेटीत कागद-पेन पुढे सरकवलं. मधुमेहाची जोखीम मोजायची १०० गुणांची एक साधी पद्धत २००५ साली चेन्नईत भारतीयांसाठीच तयार झाली.

"वय ३५ ते ४९, म्हणजे २० लिहा. कंबर?"

"छत्तीस."

"ते पॅन्टचं माप. पॅन्ट तुम्ही पोटाखाली बांधता."

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. १०१ सेंटीमीटर भरलं. पुरुषांना १०० पासून पुढे २० गुण. बैठं काम आणि व्यायाम शून्य, त्याचे ३०.

"आता वडील. १०."

"फक्त दहा?"

"आईलाही असता तर २०."

बेरीज ८०. साठपासून पुढे जोखीम जास्त. ते 'वडील – १०' वर बोट ठेवून बसून राहिले. "मला वाटायचं, सगळंच त्यांच्याकडून आलंय." त्यांच्या 'होणारच'ला मीही आधी आळसच समजले होते. खरं तर वडिलांची जखम ते स्वतःच्या पायावर बघत होते, आणि रक्त तपासायचं टाळत होते तेही त्यामुळेच.

हे गुण म्हणजे निदान नव्हे. त्यासाठी आठ तास उपाशीपोटी रक्त द्यावं लागतं. १०० ते १२५ आलं तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. १२६ किंवा जास्त आलं तर पुन्हा तपासून खात्री करायची. यांचं ११२ आलं. अशा उंबरठ्यावरच्या भारतीयांवर झालेल्या चाचणीत आहार-व्यायामाने तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं होतं. (वय कमी, अंगाने सडपातळ आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणीच मधुमेह असेल, तर गोष्ट वेगळी असू शकते, तिथे डॉक्टरच हवेत.)

सुरुवात बहुतेकांची चुकते. पहाटे पाचला उठून तासभर चालायचं ठरतं आणि चौथ्या दिवशी गुडघे धरतात. यांना मी रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटं दिली. महिन्याभराने सकाळची १५ जोडली, आठवड्यात पाच दिवस. झाली १५० मिनिटं. वजन ८२ किलो, त्यातले सहा उतरवायचे. चार कप चहातली आठ चमचे साखर आधी निम्मी केली. तिच्या जागी गूळ नको, साखरेला तोही तसाच. पोळी सोडून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर हाती काही लागत नाही; भाकरी एक, उसळ दोन वाट्या.

आठ महिन्यांनी कंबर ९३, उपाशीपोटीची साखर १०१. कागद त्यांनी जपून ठेवला होता. कमरेचे २० खोडून १० केले, व्यायामाचे ३० खोडून २०. 'वडील – १०' तसंच होतं, आणि त्याशेजारी यंदा पुन्हा रक्त तपासायची तारीख लिहिलेली होती.