सलाईन किती द्यायचं, हे ठरतं कसं?

प्रश्न : माझ्या आईचं (वय ६२, वजन ५५ किलो) गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना दिवसभरात सहा बाटल्या लावल्या, आईला चारच. तिचे ओठ सुकले होते, सारखी पाणी मागत होती. सलाईन कमी पडलं का? आणखी एक लावा म्हणून आम्ही मागे लागायला हवं होतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मागे लागला नाहीत, ते चांगलं केलंत. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन चालू असताना हा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात वजनापासून होते. हॉलिडे आणि सेगर या अमेरिकन डॉक्टरांनी १९५७ साली मुलांसाठी मांडलेलं गणित आम्हाला आजही तोंडपाठ असतं : पहिल्या १० किलोंना ताशी किलोमागे ४ मिली, पुढच्या १० किलोंना २, त्यावरच्या प्रत्येक किलोला १. तुमच्या आईंचे ४०, २० आणि ३५ मिळून ताशी ९५ मिली. म्हणजे ५०० मिलीची बाटली पाच तासांहून थोडी जास्तच पुरते. पूर्वी यात उपवासाची तूटही पूर्ण धरायचे, दहा तासांचे ९५० मिली. आता तेवढं भरत नाही. लघवी कमी करून शरीर पाणी राखतं, शिवाय साधं पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. आदल्या रात्रीपासून घोटभरही पाणी न देण्याची पद्धत अजून कित्येक ठिकाणी आहे. ती सुटायला हवी असं मला मनापासून वाटतं.

खरी कसोटी रक्ताची. रक्ताने गच्च भिजलेला एक मोठा मॉप (रक्त टिपायचा कापडी पॅड) म्हणजे साधारण १०० ते १५० मिली. सिस्टर ते मोजायला मांडून ठेवतात. सक्शनच्या, म्हणजे पोटातलं रक्त-पाणी ओढून घेणाऱ्या नळीच्या, बाटलीत ७०० मिली दिसतंय म्हणून ७०० रक्त गेलं असं नसतं. त्यात पोट धुवायला वापरलेलं पाणीही असतं, म्हणून मी विचारते, "वॉश किती वापरला?" सिस्टर म्हणतात, "४००." मग रक्त ३००, अधिक मॉपमधलं. ५५ किलोंच्या बाईच्या अंगात रक्त साडेतीन लिटरच्या आसपास. त्यातलं पाव लिटर गेलं, तर बहुतेक वेळा रिंगर लॅक्टेट या क्षारांच्या सलाईनवर भागतं. पूर्वी गेलेल्या रक्ताच्या तिप्पट द्यायचे, आता दीड-दोन पटीवर थांबतो. जास्त गेलं, हिमोग्लोबिन उतरलं, तर रक्तच लावावं लागतं.

एवढं करूनही तो आकडा अंदाजच. पुढे नाडी, रक्तदाब आणि लघवीची पिशवी बघत हात कमी-जास्त करायचा. लघवी ताशी किलोमागे अर्धा मिली, म्हणजे आईंची २७-२८ मिली, असली की जीव भांड्यात पडतो.

जास्त सलाईन निरुपद्रवी नसतं. आतड्यांना सूज येते, पोट उशिरा सुरू होतं, वयस्क माणसाच्या फुफ्फुसात पाणी उतरू शकतं. उलट हात फार आखडला तर मूत्रपिंडांना त्रास होतो. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या सुमारे ३,००० रुग्णांवरचा २०१८ चा अभ्यास हेच सांगतो. आणि सलाईनने ताकद येते म्हणाल, तर ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये साखर २५ ग्रॅम, जेमतेम एका पोळीची ताकद.

शेजारच्या बाईंचं वजन जास्त असेल, त्यांना उलट्या झाल्या असतील, किंवा अँटिबायोटिकच्या १०० मिलीच्या छोट्या बाटल्याही तुमच्या मोजणीत आल्या असतील. आईंचे ओठ सुकले ते बहुधा लाळ कमी करणाऱ्या ग्लायकोपायरोलेटच्या इंजेक्शनने आणि ऑक्सिजनच्या मास्कने. त्यावर ओला कापूस ओठांना लावायचा आणि डॉक्टर हो म्हणाले की घोट घोट पाणी द्यायचं.

पुन्हा कधी अशी वेळ आली, तर ड्रिपच्या चाकाला नातेवाइकांनी हात लावू नये. चार-पाच तास लघवी झाली नाही, धाप लागली किंवा सुईजवळ हात सुजला, तर मात्र लगेच सिस्टरना बोलवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.