साधा डेरिव्हेटिव्ह शून्य, मग हे मेजर आलं कुठून?

‘सगळ्यांना कळतं, मलाच कळत नाही’ हे परीक्षा जवळ आली की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास ऐकू येतं. एम.एस्सी. गणिताची ही मुलगी तर गणितच सोडायला निघाली होती. पण नेमकं काय अडलंय, ते वहीत लिहून आणलं होतं. मी पूर्वी गणित शिकवायचे, त्यामुळे म्हटलं, “दाखव बघू.”

वहीत होतं: शून्याच्या डावीकडे ०, उजवीकडे १ असं स्टेप फंक्शन. त्याचा डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) एक बिंदू सोडला तर सगळीकडे ०. मग तो डिराक मेजर, म्हणजे सगळं वजन शून्यावरच ठेवणारं माप, कसा? वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं, “ट्रिव्हियल आहे.” (या शब्दाने किती मुलं गप्प बसली असतील!)

हिशेब बरोबरच होता, फक्त डेरिव्हेटिव्ह जुना होता. इथे तो बिंदूपाशी बघायचाच नाही. टेस्ट फंक्शनवर (गुळगुळीत, लांबवर ० होणाऱ्या फंक्शनवर) काय करतो ते बघायचं. तिला तिथेच करायला लावलं. टेस्ट फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह घे, स्टेप फंक्शनने गुण, इंटिग्रेट कर, वजा चिन्ह लाव. इंटिग्रल शून्यापासून पुढचंच उरलं, लांबवर टेस्ट फंक्शन ० झालं, हाती आली त्याची शून्यापाशी असलेली किंमत. हाच डिराक.

“एवढंच?” ती जरा चिडूनच म्हणाली.

रेषेवरचं कुठलंही बाउंडेड मेजर (एकूण वजन मर्यादित असलेलं माप) असंच मिळतं: क्ष पर्यंत, क्ष धरून, किती मेजर साठलं ते सांगणारं फंक्शन घ्यायचं. गणितज्ञ कँटरचं फंक्शन तर कुठेही उडी न मारता ० वरून १ वर चढतं, आणि साधा डेरिव्हेटिव्ह जवळजवळ सगळीकडे ०! ते १८८४ सालचं. डेरिव्हेटिव्ह असा टेस्ट फंक्शनवर बघण्याच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युशनच्या, सिद्धांतासाठी गणितज्ञ लोराँ श्वार्त्झला फील्ड्स पदक मिळालं १९५० साली. हे तिला मुद्दाम सांगितलं. ज्या सिद्धांताला पदक मिळतं, तिथे अडखळणारी मुलगी ‘ढ’ कशी?

पुढच्या भेटीत तिनेच विचारलं, “मॅडम, प्रतलात चालेल का हे?” ग्रेडियंट (दोन्ही दिशांचे डेरिव्हेटिव्ह एकत्र) म्हणून नाही चालत. क्ष-दिशेला डिराक आणि य-दिशेला ० धरलं, तर मिश्र डेरिव्हेटिव्ह (एकदा क्ष, एकदा य) दोन क्रमांनी वेगवेगळे येतात, यायला हवेत सारखे. पण पहिल्या चरणात १, बाकी ० असं फंक्शन घेऊन क्ष आणि य दोन्हींनी एकेकदा डेरिव्हेटिव्ह घेतला की डिराक मिळतो. हे दुसरं तिचं तिनेच काढलं.

गणित सोडायचा विषय तिने पुन्हा काढला नाही. झोप मात्र अजून उडालेलीच होती. त्यावर आम्ही नंतर वेगळं बसलो.