गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात जुने कपडे बसत नाहीत आणि आरसाही नकोसा वाटतो, तेव्हा काय करावे?

साधारण 20 आठवड्यांच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत पोहोचते आणि पुढे पोट झपाट्याने वाढते, त्यामुळे सहाव्या महिन्यात जुने कुर्ते छातीत व कमरेत अडकणे अगदी स्वाभाविक आहे. गरोदरपणाआधी वजन प्रमाणात असलेल्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढणे योग्य मानले जाते, म्हणजे आरशात जो बेढबपणा वाटतो तो बराचसा बाळ, वार, गर्भजल आणि वाढलेले रक्त यांचा भार आहे.

माझा स्वतःचा सातवा महिना लातूरच्या ऐन मे महिन्यात गेला. परकराची नाडी रात्री सोडली की कमरेवर लाल वळ दिसत, आणि खाज सुटे ती वेगळीच. शेवटी नाडी काढून रुंद इलॅस्टिक घातले व ते पोटाखाली बांधू लागले. एवढ्याने निम्मी चिडचिड गेली. तिथल्या गंजगोलाई बाजारातून सुती कापड घेऊन शिंप्याकडून दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया ठेवून तीन कुर्ते शिवले, छातीजवळ चुणीखाली चेन लावून घेतली, म्हणून ते बाळंतपणानंतर पाजतानाही उपयोगी पडले. महागडे खास कपडे मला अनावश्यक वाटतात.

डोहाळजेवणात “पोट केवढं दिसतंय गं” म्हणणाऱ्या मावश्या भेटतीलच. त्यांना हसून टाळावे. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप किंवा भूक उडाली, तर पुढील तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.