कारण कुठे लिहिलंय?

पोरी,

बाबांच्या अपंगत्व पेन्शनच्या अपिलाचा मसुदा वाचला. चार पानं बाबांच्या बर्फातल्या पोस्टिंगची, आईच्या हालांची. डोळे भरले, पण ती सगळी काढून टाक. अपील तपासणारी समिती त्यातलं काही खोडत नाही, नुसतं बाजूला ठेवते.

रिलीज मेडिकल बोर्डाचं, म्हणजे सैन्यातून सुटताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचं पान उघड. 'आजार सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलाही नाही.' बरं, का नाही? पुढे एवढंच, 'पीस स्टेशनला सुरुवात', म्हणजे आजार शांत भागातल्या पोस्टिंगवर सुरू झाला. हे कारण झालं का गं? फील्ड की पीस याने फरक पडत नाही. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असंच धरायचं. आजार सेवेशी निगडित नाही हे सरकारने दाखवायचं, बाबांनी नाही. धरमवीर सिंग यांच्या २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. धरमवीरना फिट्स यायच्या. बोर्डाने प्रकृतिदोष, म्हणजे शरीरातलाच दोष, म्हणून हात झटकले, कारण दिलं नाही.

बाबा २००६ला सुटले, म्हणून अपंगत्व पेन्शनच्या हक्काचे १९८२चे नियम. २००८ आणि २०२३चे वेगळे आहेत, कुणाच्या तरी भावाचं अपील उतरवून काढू नकोस.

आधी कागद. आरटीआयला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लाव, अर्ज सैन्यातल्या बाबांच्या रेकॉर्ड ऑफिसला. भरतीची वैद्यकीय तपासणी आणि बोर्डाची कार्यवाही माग, 'तज्ज्ञाच्या मतासह सर्व पानं' असं स्पष्ट लिहून. नाहीतर पहिलं पान तेवढं पाठवतात. जवानांचं जुनं रेकॉर्ड ठरावीक वर्षांनी नष्ट करायची पद्धत आहे, तेव्हा हयगय नको.

'उशीर झाला, आता काय' हे रडगाणं बंद कर. पहिल्या अपिलाचे सहा महिने कधीच गेले, तरी ते स्पीड पोस्टाने पाठव. नकार आला किंवा सहा महिने गप्प बसले, की सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जा, विलंबमाफीच्या अर्जासह. पेन्शन दरमहा नाकारली जाते, म्हणून दावा मरत नाही. थकबाकी मात्र सहसा तीनच वर्षांची मिळते. हे बाबांना आधीच सांग.

अपंगत्वाच्या टक्क्यांवर हुज्जत नको. ३० ठरलेत ना? ते राउंडिंगने ५० होतात (सर्वोच्च न्यायालयाचा राम अवतार निकाल, २०१४), पण मागणीत स्वतंत्र ओळ हवी.

मी कोरडा वाटत असेन. वाटू दे. कारण कुठे लिहिलंय, हा एकच प्रश्न अपिलाच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवा. बोर्डाने आजाराचं कारण म्हणून वजन किंवा सिगारेट तारखांसह लिहिली असेल, तर मात्र काम जड आहे. मग आजाराच्या पहिल्या नोंदीची तारीख आणि पोस्टिंगचा तक्ता शेजारीशेजारी मांड.

सोमवारी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुकाच्या दोन-दोन झेरॉक्स घे. ती चार पानं बाबांना वाचायला दे.